अमावास्येची लागवड

शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कोलशेतच्या खाडीकाठी उभारलेल्या मंडपाच्या पहिल्या पायरीला पाणी लागलं. त्या वेळी माइकवर रसिका मॅडम होत्या आणि निसर्गाची लय ओळखायला शिकलं पाहिजे, असं उपस्थितांना सांगत होत्या. बारा सतराला जनरेटर बंद करावा लागला. साडेबाराला प्रमुख पाहुण्यांना दोघांनी दंडाला धरून बांधावर चढवलं, तेव्हा त्यांचा एक बूट चिखलात राहिला होता.

पिठोरी अमावास्या होती. अमावास्येला भर दुपारी खाडीला उधाण येतं, हे कोलशेतमध्ये सांगावं लागत नाही. पाळण्यातल्या पोरालाही ते ठाऊक असतं. लागवडीच्या कार्यक्रमाची वेळ दहाची होती. तेव्हा चिखल उघडा होता आणि मंडप खाली, पार पाण्याच्या वाटेत घातला होता, कारण फोटोत मागे खाडी यायला हवी होती. पाहुणे पावणेबाराला आले. खाडी त्यांच्यासाठी थांबली नाही.

मंजुळा मढवी बांधावर उभी राहून हे सगळं बघत होती. अठ्ठावन्न वर्षांची, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. डोक्यावर प्रतिष्ठानने दिलेली हिरवी टोपी, आणि टोपीवर छापलेलं, ‘माझी माती, माझं बी’. तिच्यासोबत बी गोळा करणाऱ्या अकरा बायका होत्या, अकराही अशाच टोप्यांत. शेजारी उभ्या असलेल्या आवडाबाईने तोंडाला पदर लावला.

“मंजे, पाव्हना पवतो का गं?”

“नाय पवला तरी बुडायचा नाय,” मंजुळा म्हणाली. “त्याचा पोट बग.”

आवडाबाई हसत सुटली. मंजुळा हसली नाही. पाण्यावर कांदळाच्या शेंगा तरंगू लागल्या होत्या. हातभर लांब, हिरव्यागार, नुकत्याच पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात चिखलात खोचलेल्या. एकेक सुटून वर येत होती आणि गावाच्या दिशेने निघाली होती.

ही जागा म्हणजे वस्ती आणि खाडी यांच्यामधला पावणेदोन एकरांचा पट्टा. पूर्वी तिथे मिठागर होतं. ते बंद पडल्यावर खाऱ्या चिखलात वाढणारी तिवरं माजली, माणूस शिरणार नाही इतकी दाट. मग तीन वर्षं डंपर येत राहिले आणि तिवरांवर इमारतींचं डेब्रिज पडत राहिलं, कारण पलीकडच्या एका बिल्डरला तिथून रस्ता हवा होता. तक्रार झाली, समिती बसली, समिती उठली. यंदा मेमध्ये पोकलेन लावून डेब्रिज काढलं गेलं आणि हुकूम निघाला की याच खाडीतलं स्थानिक बी वापरून पट्टा पुन्हा उभा करावा. पंधरा ऑक्टोबरला पाहणी. त्या दिवशी पाचशे जिवंत झाडं दिसली तर पट्टा राखीव. नाही दिसली तर ‘पुनर्लागवडीस अयोग्य’ असा शेरा, आणि मग रस्त्याला आडकाठी करायला कोणी उरत नव्हतं.

मंजुळाला राखीव, अयोग्य यातलं काही पडलेलं नव्हतं. तिचं घर गल्लीतलं तिसरं. डेब्रिज पडायला लागल्यापासून दर उधाणाला पाणी तिच्या स्वयंपाकघरात येत होतं. आधी उंबऱ्यापर्यंत, मग ओट्याच्या पायापर्यंत, गेल्या वर्षी गॅसच्या शेगडीखाली. पाण्याला टेकायला जागा ठेवली नाही की ते माणसाच्या घरात येऊन टेकतं, आणि हे समजायला समिती लागत नाही, असं तिचं मत होतं. पट्ट्यावर पुन्हा तिवरं झाली तरच ते घर राहण्याजोगं राहणार होतं. रस्ता झाला तर घर सोडावं लागणार होतं.

काम मिळालं डोंबिवलीच्या भूमीसखा प्रतिष्ठानला. ऑफिस मानपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर. मॅडम रसिका, त्या ठाण्यात राहत आणि वर्षातून दोनदा चिखलात उतरत. रोजच्या कामाला प्रणित. सत्ताविशीचा, बोलायला गोड, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जे त्याने कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत चकचकीत ठेवले होते. तो मंजुळाला मावशी म्हणायचा. ती त्याला साहेब म्हणायची, आणि त्या शब्दात काय काय भरलेलं असायचं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बी गोळा करायचं काम बायकांनी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केलं. चार दिवस, ओहोटीला, पलीकडच्या जुन्या तिवरांखाली. तिवराचं बी बदामाएवढं, चपटं, राखाडी-हिरवं. पाण्यात पडलं की दिवसा-दोन दिवसांत साल सोडतं, आणि आत दोन जाड पानं घडी घालून तयारच असतात. मंजुळाने लहानपणापासून तिवर चुलीसाठी तोडला होता. आईबरोबर, मग सासूबरोबर, डोक्यावरून भारेच्या भारे. ज्या झाडाच्या मुळावर आपण आयुष्यभर उठलो त्याची सगळी नस आपल्यालाच ठाऊक, याची तिला थोडी लाजही वाटे. पण ठाऊक होतं ते होतं.

चार दिवसांत नऊ गोणी भरल्या. पाचव्या दिवशी तिने प्रणितला सांगितलं, “साहेब, गोकुळाष्टमीला लावून टाकू. अष्टमीला भांग असते. पानी वर चढत नाय. चार-पाच दिवस बी जाग्यावर राहील, मूळ धरील. मग उधान आला तरी जायचा नाय.”

“अष्टमीला नाही जमणार, मावशी.”

“का?”

“पाहुणे मिळणार नाहीत ना. सगळे दहीहंडीत. मॅडमनी पुढच्या शनिवारची तारीख घेतलीये.”

मंजुळाने मनातल्या मनात मोजलं. “पुढच्या शनिवारी अमावास्या.”

“मग? आपण थोडीच मानतो असलं काही.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला वाटलं होतं, म्हातारी अंधश्रद्धाळू आहे. एवढं शिकलेल्या पोराच्या डोक्यात अमावास्या म्हटल्यावर लिंबू-मिरचीच येते, पाणी येत नाही. तिने सोडून दिलं. गाढवापुढे गीता एकदा वाचावी, दोनदा वाचणाऱ्याला लोक गाढव म्हणतात.

“बरं,” ती म्हणाली. “मग बी ओल्या चिखलात ठेवा. सावलीत.”

“तो आमचा प्रोटोकॉल आहे, मावशी. बुरशी नको लागायला. आधी ड्राय करायचं, मग स्टोअर.”

“वाळवनार?”

“हो.”

“साहेब, तिवराचा बी मेथीचा दाना नाय, वाळवून डब्यात भरायला. तो झाडावरच जागा होतो. जागा झालेल्याला परत निजवता येत नाय.”

प्रणितने मोबाइल काढून तिला एक पान दाखवलं. त्यात बियाणं वाळवण्याच्या पद्धती होत्या. भात, नाचणी, शेवगा, करंज. तिवराचं नाव नव्हतं. तिने दोनदा वाचलं, फोन परत दिला आणि गोणी टेम्पोत चढवायला मदत केली. सात गोणी. दोन गोणी ओहोटीत वाहून गेल्या, असं तिने सांगितलं. प्रणितने वहीत तसं लिहून घेतलं.

त्या दोन गोणी नाथाच्या होडीत होत्या.

नाथा कोळी तिच्या मयत नवऱ्याचा मित्र. खाडीत अजून जाळं टाकणाऱ्या गावातल्या शेवटच्या चार-पाच जणांपैकी एक. त्याच्या धक्क्यालगत, भांगेचं पाणी जिथवर येतं त्याच्या वर, मंजुळाने चिखलाचा एक तुकडा हाताने सारखा केला. भाताचं रोप जसं करतात तसं, लहान जागेत दाट बी दाबलं. खेकड्यांनी खाऊ नये म्हणून भोवती नाथाचं जुनं जाळं ताणून पुरलं. आगऱ्याची बाई, तिला रोप करून लावणी करायला कोणी शिकवायला नको होतं. फक्त भाताच्या जागी तिवर करताना तिला जरा चमत्कारिक वाटत होतं.

“वयनी, म्हातारपनी खारीन शेती?” नाथा होडीतून म्हणाला.

“तू मुकाट मासं मार.”

“मासं कुठं हायत? आता ह्येच विकतो. तिवराची भाजी.”

मानपाड्याच्या गच्चीवर सात गोणी बी पत्र्याखाली ताडपत्रीवर पसरलं गेलं. तीन दिवसांत ते काळं पडलं, आणि पाचव्या दिवशी बोटात धरलं की चुरा होऊ लागला. हे मंजुळाला कोणी कळवलं नाही. तिने विचारलंही नाही. शनिवारी सकाळी साडेआठला पट्ट्यावर टेम्पो आला आणि त्यातून तिवराच्या बियाऐवजी कांदळाच्या शेंगा उतरल्या, तेव्हा तिला सगळं कळलं. टेम्पो रात्रभर चालून दोन जिल्हे ओलांडून आला होता.

“ह्या कुठल्या?” तिने विचारलं.

“स्थानिकच आहे,” प्रणित म्हणाला. त्याचा डोळ्याला डोळा भिडत नव्हता.

“कुठला स्थानिक?”

“म्हणजे महाराष्ट्रातलंच ना, मावशी.”

यावर आवडाबाई म्हणाली की तिचा जावईपण महाराष्ट्रातलाच आहे, पण तो स्थानिक असता तर लेक दिवाळीला तरी घरी आली असती.

कांदळ वाईट झाड नाही, तेही खाऱ्या चिखलातलंच. पण त्याला खालचा, कायम ओला चिखल लागतो. पट्ट्याच्या वरच्या, कडक जमिनीत ते उभं राहतं, हिरवं दिसतं, दोन-तीन महिने दिसत राहतं, आणि उन्हाळ्यात काडी होतं. प्रतिष्ठानला ते सोयीचं होतं. बदामाएवढं बी हातात धरून फोटो काढला तर पाहुण्याच्या हातात काही आहे हेच दिसत नाही. हातभर शेंग फोटोत दिसते. समितीला दिलेल्या आराखड्यातही रसिका मॅडमनी ‘कांदळ, पाचशे’ असंच लिहिलं होतं, कुठल्याशा परदेशी चित्रात बघून. गावात कोणाला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नसावं.

बाकी कार्यक्रम कसा झाला ते वर आलंच आहे.

रविवारी सकाळी नाथा मंजुळाच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर जाळं, जाळ्यात कांदळाच्या शेंगा.

“एकसष्ट,” तो म्हणाला. “मोजल्या. मासली तीन.”

प्रणितही आला, गमबुटांशिवाय. त्याने त्या एकसष्ट शेंगा मागून घेतल्या, गल्लीत आणि गटारात अडकलेल्या आणखी गोळा केल्या, दोन माणसं लावून पुन्हा खोचल्या आणि प्रत्येकीला बांबूची काठी बांधली. काठीला नंबराचा बिल्ला. लांबून बघणाऱ्याला वाटावं की बिल्लेच लावलेत आणि त्यांना टेकू म्हणून शेंगा.

आठ दिवसांनी पुन्हा अष्टमी आली. गौरी यायचा दिवस. पहाटे पाचला बारा बायका नाथाच्या धक्क्यावर जमल्या. मंजुळाने रोपं चिखलासकट उपटून पाट्यांत भरली. बोटाएवढी झाली होती, दोन पानं उघडलेली, खाली पांढरी मुळं. पट्ट्याच्या वरच्या भागात, बिल्ल्यांच्या रांगांमधून, वाकून, भातलावणीच्या चालीने त्यांनी रोपं लावली. कोणी टोपी घातली नव्हती. आठला काम आटोपलं. मग तेरडा उपटून, पाय धुऊन, बायका गौरी घेऊन घरी गेल्या.

मंजुळाने आकडा मोजला होता, तीनशे चाळीस. दोन गोणींतलं बाकीचं बी जाळं असूनही खेकड्यांनी नेलं होतं. पाचशे नाहीत हे तिला माहीत होतं. वाळवलेल्या सात गोणींचा हिशेब तिने त्या दिवशी मुद्दाम केला नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस प्रणित तिच्या घरी आला. सोबत एक कागद. वर मथळा, ‘बीज-उगम प्रमाणपत्र’. खाली छापलेलं की लागवडीसाठी वापरलेलं सर्व बियाणं कोलशेत खाडीतून, स्थानिक बीजसंकलकांनी गोळा केलेलं आहे. खाली तिच्या सहीची जागा.

मंजुळाने चष्मा लावून सगळं वाचलं. सातवीपर्यंत शिकली होती आणि वाचायला वेळ घ्यायची.

“ह्या खोटा हाय,” ती म्हणाली.

“फॉर्मॅलिटी आहे, मावशी.”

“कांदळ इथला नाय.”

“ते कोण बघतंय? दोनशे ऐंशी शेंगा उभ्या आहेत अजून. हिरव्या. समिती येणार, मोजणार, जाणार.”

“आणि चैत्रात?”

“चैत्रात समिती नाही येत.” तो हे हसून म्हणाला. मग त्याचं हसू जरा ओसरलं. “मावशी, एक सांगू? सही नसेल तर अहवाल अपुरा धरतात. अपुरा म्हणजे नापास. पट्टा गेला तर माझं काय जातं? मी दुसऱ्या प्रोजेक्टवर. पाणी तुमच्या घरात येणार.”

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि मंजुळाला त्याचाच जास्त राग आला. सगळं बी जाळून झाल्यावर या पोराला तिचं स्वयंपाकघर आठवलं होतं. तिने ओट्याकडे पाहिलं. शेगडीखाली गेल्या वर्षीच्या पाण्याची पिवळी रेघ होती. सही केली तर पट्टा कागदावर वाचत होता. कागदावर वाचलेला पट्टा पुढच्या पावसापर्यंत तरी रस्त्याखाली जाणार नव्हता, आणि तोवर तिवरांना वर्ष मिळत होतं. हे तिला प्रणितपेक्षा चांगलं समजत होतं.

आवडाबाई दारात बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. ती वर न बघता म्हणाली, “कर गं सही. त्यांचा खोटा, आपला तिवर.”

“समितीनं विचारलं तर काय सांगू? कांदळ कुठून आनला?”

“सांग महाराष्ट्रातून.”

प्रणितने पेन पुढे केलं. मंजुळाने ते घेतलं. सहीच्या जागेच्या वर दोन बोटं रिकामी जागा होती. तिथे तिने हळूहळू, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: ‘कांदळ बाहेरून टेम्पोने आणला. तिवर ३४० आम्ही लावला, बी इथलं. सात गोणी बी वाळवून मेलं.’ मग खाली सही केली, पूर्ण नावाची.

प्रणितने कागद उचलून वाचला.

“मावशी, हे काय केलंत?”

“तुमीच म्हनाला ना, सही पायजे. केली.”

“हा नाही चालणार.”

“मग दुसरा आना. त्याच्यावर पन ह्याच लिहीन. माझा अक्षर आता जरा सुधारलाय.”

त्याने दुसरा आणला नाही. कोरा कागद आणून दुसऱ्या कोणाची सही घेता आली असती, पण ‘स्थानिक बीजसंकलक’ म्हणून आराखड्यात जूनमध्येच मंजुळा नाना मढवी हे नाव फोटोसकट छापून गेलं होतं. मॅडमनीच हौसेने छापलं होतं. मुखपृष्ठावर, डोक्यावर पाटी घेतलेली मंजुळा. तेव्हा तो कागद तसाच अहवालाला जोडला गेला.

पंधरा ऑक्टोबरला सकाळी नऊ चाळीसला समितीचे दोन सदस्य आले. रसिका मॅडम होत्या, प्रणित होता, बांधावर बायका होत्या. पहिल्या सदस्याने बिल्ल्यांवरून मोजणी सुरू केली. कांदळाच्या उभ्या शेंगा दोनशे चौदा. त्याने सहज एक धरून वर ओढली. ती काडीसारखी सरळ हातात आली. खाली मूळ नव्हतं. त्याने आणखी वीस ओढल्या. एकोणीस आल्या.

दुसरा सदस्य वयस्कर होता आणि वाकून चालत होता. “ही काय?” त्याने बिल्ल्यांच्या मधली चार-चार पानांची रोपं दाखवून विचारलं.

“नैसर्गिक उगवण,” रसिका मॅडम चटकन म्हणाल्या. “आमच्या हस्तक्षेपामुळे परिसंस्था स्वतःच—”

“रांगेत उगवली?” वयस्कर सदस्याने विचारलं.

बांधावरून आवडाबाई ओरडली, “गौरीच्या दिवशी उगवली, साहेब. पहाटे पाचला.”

त्यांनी तिवरं मोजली. दोनशे त्रेसष्ट. पहिला सदस्य एक उपटून बघायला गेला तेव्हा मंजुळा बांधावरून खाली उतरली आणि म्हणाली, “उपटू नका. ओढून बगा.” त्याने दोन बोटांनी ओढून पाहिलं. आलं नाही.

मग दोघे सदस्य बांधावर बसून फॉर्म भरू लागले. फॉर्ममध्ये कांदळाचा रकाना होता. तिवराचा नव्हता. आराखड्यात जी प्रजाती आहे तीच मोजायची, असं पहिल्याचं म्हणणं. जमिनीवर जे जिवंत आहे ते मोजायचं, असं दुसऱ्याचं. शिवाय तिवर धरला तरी दोनशे त्रेसष्ट म्हणजे पाचशे होत नाहीत, हे पहिल्याने दाखवून दिलं. त्याचं उत्तर मंजुळाकडे होतं. सात गोणींचं. ते तिच्या अक्षरात अहवालाला जोडलेलं होतं. वयस्कर सदस्याने तो कागद दोनदा वाचला, घडी न करता फाइलमध्ये वर ठेवला आणि शेऱ्याच्या जागी ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनार्थ’ असं लिहिलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणाला, मंजुळाच्या स्वयंपाकघरात पाणी आलं. पिवळ्या रेघेपेक्षा दोन बोटं खाली थांबलं. त्यात तिवरांचा काही हात होता की उधाणच यंदा कमी होतं, यावर तिचं आणि नाथाचं भांडण झालं. नाथाचं म्हणणं, चार पानांची झाडं पाणी अडवत नाहीत. मंजुळाचं म्हणणं, त्याने मासे मारावेत.

त्या शेऱ्यावर वरिष्ठांनी अठ्ठावीस नोव्हेंबरला ठेवलेली सुनावणी झाली नाही. पुढची तारीख मागितली आहे असं प्रणितने फोनवर सांगितलं. कोणी मागितली ते सांगितलं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी पट्ट्याच्या पलीकडे, बिल्डरच्या बाजूला, दोन पोकलेन येऊन उभे राहिले. चालू नव्हते. त्याच सकाळी मंजुळाने ओहोटीला तिवरं मोजली. दोनशे एक्कावन्न भरली. सायंकाळपर्यंत सुनावणीची पुढची तारीख लागलेली नव्हती.